वरवंडचा मुक्काम : शिवी आणि माउली

पुणे मागे टाकून सोलापूरच्या हमरस्त्याला लागले म्हणजे हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत अशी गावे एकामागून एक येत जातात. आणि चौफुल्याचा चौक ओलांडला की थोड्याच वेळात वरवंड येते. पुण्याहून हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. गाव दौंड तालुक्यात मोडते. ह्या भागात पाऊस मूळचा बेताचा; परंतु खडकवासल्याच्या धरणातून निघालेला मुठेचा उजवा कालवा ह्या बाजूने गेला असल्यामुळे माळरानाच्या कडेकडेने उसाचे मळे उभे राहिले आहेत. इंग्रजी अमदानीची आठवण सांगणारा व्हिक्टोरिया तलाव गावास लागून आहे. जवळच पाटस येथे भीमा सहकारी साखर कारखाना आहे. शिवाय तालुक्यात गुऱ्हाळेही पुष्कळ. हंगामात त्यांच्या चिमण्यांचा धूर आणि उकळत्या रसाचा गोड वास दूरवर दरवळत असतो.

प्रेक्षणीय स्थळे पाहत हिंडणारा प्रवासी येथे सहसा उतरत नाही. मोरगावच्या मयूरेश्वरास जाणारी मंडळी चौफुल्यासच उजवीकडे वळतात. भुलेश्वराची कोरीव शिल्पे पाहू इच्छिणारे त्याच्याही अलीकडे यवतेपाशी रस्ता सोडतात. आम्हांस मात्र एका स्नेह्यांच्या मळ्यात दोन दिवस राहण्याचा योग आला, आणि ह्या गावाने डोळ्यांपेक्षा कानांनाच अधिक काम दिले. त्यातून मनात जे विचार आले ते आमच्या वाचकांपुढे, विशेषतः ज्या घरांत आजीपासून नातवंडांपर्यंत तीन पिढ्या एका छपराखाली नांदतात अशा घरांतील वडीलधाऱ्यांपुढे ठेवावेत, असे वाटले.

खेड्यात गेले की शहरी माणसास प्रथम खटकते ती तेथील मोकळी वाणी. बैलास हाकताना शिवी, पंप सुरू होईना म्हणून पंपास शिवी, जिवलग मित्र बऱ्याच दिवसांनी भेटला तर त्यासही प्रथम शिवीच. ह्यांतील बहुतेक शब्दांत राग नसतो. कित्येकदा तर तो लोभाचाच एक प्रकार असतो. कोकणात मायेने उच्चारलेल्या ‘मेल्या’त जी ऊब असते ती ‘अहो महाराज’ ह्या संबोधनात खचित नसते. तेव्हा, खेडवळ बोलणे ऐकताच नाक मुरडणे हा काही सुसंस्कृतपणाचा पुरावा नव्हे. ‘ग्राम्य’ हा शब्दच पाहा. मुळात त्याचा अर्थ गावचा, गावात राहणारा, एवढाच. नागरांनी आपली प्रतिष्ठा वाढविण्यासाठी गावाच्या नावालाच कमीपणा आणला, आणि साहित्यशास्त्रात ‘ग्राम्यता’ हा एक दोष होऊन बसला. गावाला मात्र ‘नागर’ ह्या शब्दास हीनपणा आणण्याची सोय कोणी ठेवली नाही.

हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. आठवड्याच्या बाजारास आम्ही स्नेह्यांबरोबर गेलो होतो. हमरस्त्यालगत उसाने भरलेला एक ट्रॅक्टर व एक टेम्पो समोरासमोर येऊन अडले. दोन्ही चालक जवान. कोणीच मागे सरेना. पाहता पाहता शब्दास शब्द वाढला, आणि दोघांनी परस्परांच्या मातोश्रींचा व भगिनींचा असा काही उद्धार आरंभला की तो येथे छापता येण्यासारखा नाही. आजूबाजूचे पुरुष मजा पाहत होते. बायका पदर सावरून पाहिले न पाहिलेसे करीत होत्या. रस्त्याच्या कडेला मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना मात्र ते सोसवेना. बसल्या जागेवरूनच त्या कडाडल्या, “भांडा की रं, पोटभर भांडा! पर त्याची आई हितं कुठं आलीया? ती बिचारी घरी भाकरी थापीत असंल. तिला कशापायी रस्त्यावर वढता?”

दोघेही जरा वरमले. एकजण “बरं आजे,” म्हणून ओशाळे हसला, टेम्पो दोन हात मागे सरला व ट्रॅक्टर निघून गेला. पुढच्या चौकात त्या दोघांनी पुन्हा काय तोंडसुख घेतले असेल ते देव जाणे! परंतु आजीबाईंचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. शिव्यांविषयी आम्ही आजवर जेवढी व्याख्याने ऐकली त्या सर्वांत वक्त्याने शब्द घाण आहे की स्वच्छ एवढेच पाहिले होते. अक्षरशत्रू आजीबाईंनी निराळेच पाहिले. घाव कोणावर पडतो? भांडणाऱ्यावर, की जी भांडणात नाही तिच्यावर?

हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांना सुचला नव्हता असे नाही. ‘वाक्पारुष्य’, म्हणजे वाणीने केलेली इजा, हे मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांपैकी एक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. याज्ञवल्क्याने तर आईबहिणींवरून दिलेल्या शिवीचा नाव घेऊन उल्लेख केला असून, अशी शिवी देणाऱ्याकडून राजाने २५ पण दंड वसूल करावा असे सांगितले आहे. इतक्या शतकांपूर्वीही रस्त्यावरचे भांडण नेमक्या ह्याच दोन नात्यांवर येऊन ठेपत होते, हे वाचून आश्चर्य वाटते आणि थोडी लाजही. परंतु ह्याच स्मृतींत पुढे जे येते ते आपण सोयीस्करपणे वाचीत नाही. हीन मानलेल्यास शिवी दिली तर दंड निम्मा, श्रेष्ठास दिली तर दुप्पट, असे याज्ञवल्क्य सांगतो. मनूच्या मते ब्राह्मणाने शूद्रास अपशब्द बोलल्यास १२ पण दंड पुरे. शूद्राने ब्राह्मणास बोलल्यास मात्र त्यास देहदंड. म्हणजे शब्द तोच, जखमही तीच; परंतु तिची किंमत जखमी माणसाच्या जातीवरून ठरावयाची. जुन्या शास्त्राचा अभिमान बाळगावयाचा तर त्याचे हे अंगही नजरेआड करून चालणार नाही.

आजच्या कायद्याने ही तफावत काढून टाकली आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९६ व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक जागी इतरांस उपद्रव होईल असे अश्लील शब्द उच्चारणे हा गुन्हा असून त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. परंतु बाजारातल्या प्रत्येक शिवीमागे शिपाई कोठून धावणार? म्हणून एका खेड्याने जे केले ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात, सौंदाळा नावाचे सुमारे १८०० वस्तीचे गाव आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील ग्रामसभेने ठराव केला की गावात कोणीही आईबहिणींवरून शिवी देऊ नये. दिल्यास ५०० रुपये दंड भरावा. कारणही ठरावातच दिले आहे. शिव्यांनी स्त्रियांचा अपमान होतो, आणि भांडणारे आपलीही आई-बहीण विसरतात, म्हणून. वरवंडच्या आजीबाईंचा प्रश्न सौंदाळ्याच्या ग्रामसभेने जणू ठरावात उतरवला! दंडाने माणसाची जीभ सुधारते किंवा नाही ह्याविषयी मतभेद होईल. परंतु साऱ्या गावाने एकत्र बसून, ही गोष्ट लाजेची आहे, असे एकदा उघड म्हणणे ह्यातच अर्धे काम झाले. ज्या खेड्याच्या नावे आम्ही ‘ग्राम्य’ हा शब्द हिणवण्यासाठी वापरतो, त्याच खेड्याने हे करून दाखवावे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

येथवर वाचून आमच्या काही वाचकांस समाधान वाटले असेल, की आपल्या घरात हा रोग नाही. आपली मुले ‘गाढवा’, ‘कार्ट्या’ ह्यापुढे जात नाहीत, आणि गेलीच तर वडिलांचा डोळा पुरतो. हे समाधान थोडे तपासून पाहू. भांडणात मुलीस वा सुनेस आपण काय म्हणतो? ‘भवानी’, ‘सटवी’, ‘अवदसा’. पहिली तुळजापूरची कुलस्वामिनी. दुसरी बाळाच्या कपाळी नशीब लिहिणारी षष्ठीदेवी, जिची पूजा आपण घरोघर करतो. पूजेच्या पाटावरून उचलून ह्याच नावांच्या आपण शिव्या बनवल्या, आणि त्या बनवल्या त्या केवळ स्त्रियांसाठी. पुरुषास रागाने कोणी ‘खंडोबा’ म्हणून हिणवल्याचे आम्ही ऐकले नाही.

ह्याहून खोल गोष्ट वेगळीच आहे. मम्मटाने काव्यप्रकाशात अश्लीलतेचे तीन प्रकार सांगितले आहेत. लाज आणणारी, किळस आणणारी आणि अमंगल सुचवणारी. ह्यांतील तिसऱ्या प्रकाराला आपली घरे किती जपतात! दिवा ‘विझवला’ असे आपण म्हणत नाही, ‘शांत केला’ म्हणतो. बांगडी ‘फुटत’ नाही, ‘वाढते’. कुंकू ‘पुसत’ नाही, तेही ‘वाढवतात’. बाहेर पडताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावयाचे, हे तर चार वर्षांच्या पोरासही ठाऊक असते. शब्दाने अमंगल घडते अशी श्रद्धा असलेली ही घरे! आणि ह्याच घरांत, जिची बांगडी खरोखरच वाढली त्या मुलीस हाक मारण्यासाठी जे शब्द रूढ होते ते कोणते? ‘बोडकी’ आणि ‘रांड’. हे शब्द भांडणातले नव्हते. चारचौघांत, सोवळ्यात, देवघराच्या दाराशी सहज उच्चारले जात. त्यांस कोणी शिवी मानीत नसे.

वरवंडहून चौफुल्यास परत येऊन रेल्वेच्या बाजूस वळले की केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन तेथेच. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात रमाबाईंनी जगाच्या निदर्शनास आणले होते की उच्चवर्णीय घरात विधवेस जे नाव आहे तेच नाचणारणीस व वेश्येसही आहे. ज्यांनी हे लिहिले त्या स्वतः संस्कृतच्या पंडिता, शास्त्र्याच्या कन्या व स्वतःही विधवा. १८८९ साली मुंबईस त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे ते पुण्यास आले, आणि शेवटी त्यांचे कार्य केडगावच्या माळावर स्थिरावले. दुष्काळातील निराधार मुलींस व स्त्रियांस त्यांनी तेथे आसरा दिला, आणि १९२२ साली त्यांनी देह ठेवला तोही तेथेच. त्यांनी स्वीकारलेल्या धर्माविषयी आमच्या पूर्वजांनी रागाने पुष्कळ लिहिले. त्या रागाची चिकित्सा येथे करावयाची नाही. इतकेच म्हणावयाचे की ज्या मुलींनी त्या दारी आसरा घेतला त्यांतील कित्येकींनी आयुष्यातली पहिली शिवी बाजारात ऐकली नव्हती. ती त्यांनी स्वयंपाकघरात, आपल्याच सासूच्या वा जावेच्या तोंडून ऐकली होती.

आता तो काळ गेला. केशवपन गेले, ते शब्दही आपल्या घरांतून बहुतांशी गेले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तो कित्ता गिरवण्यास सांगितले. पुन्हा एकदा खेड्यानेच पाऊल पुढे टाकले. परंतु वृत्ती गेली काय? आजही सुशिक्षित बैठकीत एखाद्या जातीचे नाव, किंवा एखाद्या वस्तीचे नाव, घाणेरडेपणाचा वा अडाणीपणाचा पर्याय म्हणून सहज येऊन जाते. त्यात एकही ‘वाईट’ शब्द नसतो. उच्चार शुद्ध, वाक्य व्याकरणशुद्ध, आवाज मृदू! तरी ज्या मोलकरणीच्या कानी ते पडते तिला बाजारातल्या दहा शिव्यांहून ते अधिक लागते. आणि आपली कॉलेजात जाणारी मुले-मुली? मराठीत जो शब्द उच्चारला तर थप्पड बसेल तोच इंग्रजीत दिवसातून पन्नासदा उच्चारतात, आणि आपण तो ऐकून न ऐकल्यासारखे करतो; कारण तो शब्द परका आहे, आणि परक्या भाषेतला घाणेरडेपणा आपल्याला ‘आधुनिक’ वाटतो.

मग केवळ गोड बोलणे हाच उपाय काय? तसे म्हणावे तर ज्यांची पालखी दर वर्षी ह्याच वरवंडास मुक्काम करते ते तुकोबा आडवे येतात. गाथा ज्यांनी नीट वाचली आहे त्यांस सांगावयास नको की तीत कठोर शब्द आहेत, आजच्या घरात मोठ्याने वाचताना जीभ अडखळेल असे शब्द आहेत, आणि वर सांगितलेला तो शब्दही आहे. शंकर पांडुरंग पंडितांनी १८६९ ते १८७३ ह्या काळात गाथेची आवृत्ती सिद्ध केली, आणि १९५० साली मुंबई सरकारने गाथा प्रसिद्ध केली. दोन्ही ठिकाणी हे अभंग आहेतच. घरगुती नित्यपाठात मात्र ते सहसा नसतात. तुकोबांच्या प्रत्येक शब्दाचे समर्थन करण्याची आवश्यकता आम्हांस वाटत नाही. ते सतराव्या शतकातील बोलीत बोलत होते, आणि त्या बोलीत स्त्रीविषयीचा अनादर मुरलेला होता. परंतु त्यांच्या कठोर वाणीचा रोख पाहावा. ढोंगी साधू, पैशासाठी कथा करणारा, अंगी काही नसता ज्ञानाचा आव आणणारा, ह्यांच्या तोंडावर तो शब्द फेकलेला असतो. दुबळ्यास चिरडण्यासाठी तो नसतो. शब्द खरखरीत असूनही वाणी निर्मळ असू शकते. आणि शब्द सोवळे असूनही वाणी विटाळलेली असू शकते.

पालखीचा दिवस वरवंडास कसा असतो हे स्नेह्यांनी सांगितले. १६८५ साली तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबांनी ह्या पालखी सोहळ्याचा आरंभ केला. ज्येष्ठ वद्यात देहूहून निघालेली पालखी पुणे, लोणी काळभोर, यवत असे मुक्काम करीत वरवंडास येते आणि दुसरे दिवशी पाटसवरून रोटी घाट चढून उंडवडीकडे निघते. एका रात्रीपुरते ह्या गावात हजारो माणसे उतरतात. ओटे, पडव्या, शाळेचे व्हरांडे, ट्रकखालची सावली, सारे भरून जाते. चिखल असतो, पाण्यासाठी रांग असते, अंधारात कोणाचा पाय कोणावर पडतो. भांडणास ह्याहून अनुकूल परिस्थिती ती कोणती? तरीही तेथे ऐकू येणारा शब्द एकच, ‘माउली’. वाट हवी तर ‘माउली, जरा सरा’. धक्का लागला तर ‘माउली, चुकलं’. आणि म्हातारा वारकरी पोराच्या वयाच्या वाढप्यासही ‘माउली, आणखी आमटी’ म्हणतो. बाजारच्या दिवशी ट्रॅक्टर अडवून उभे राहणारे तरुण त्या रात्री पाण्याचे हंडे वाहत असतात, आणि त्यांच्याही तोंडी हाच शब्द असतो, असे स्नेही म्हणाले.

म्हणजे पाहा, हमरस्ता तोच, माणसे तीच, आणि दोन्ही प्रसंगी त्यांच्या ओठांवर आईच आहे. रागाच्या भरात मराठी माणूस दुसऱ्याच्या आईस रस्त्यावर ओढतो. वारीत तोच परक्या पुरुषासही आई म्हणून हाक मारतो. ‘माउली’ म्हणावयास व्याकरण लागत नाही, शुद्धलेखन लागत नाही, पुण्याची राहणीही लागत नाही. समोरचा माणूस आपल्या इतकाच कोणाचा तरी लेक आहे, एवढे भान लागते.

आमच्या वाचकांस आम्ही काही कडक नियम घालून देऊ इच्छीत नाही. मुलाच्या तोंडून रस्त्यावरचा शब्द निघाला तर त्यास मारझोड करण्याने तो शब्द जात नाही. दाराबाहेर तेवढा राहतो. त्याऐवजी त्यास जवळ बसवून आजीबाईंचा प्रश्न विचारावा, की बाबा, तुझे भांडण कोणाशी, आणि ह्यात त्याची आई कोठून आली? दहा वर्षांच्या मुलासही हे समजते. आणि हाच प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांनी, दिवाणखान्यात बसून कोणाच्या जातीविषयी, कोणाच्या सुनेविषयी, कोणा एकट्या स्त्रीविषयी बोलताना, स्वतःसही विचारावा. जी व्यक्ती उत्तर देण्यास समोर नाही, किंवा समोर असूनही उत्तर देण्याची जिची शक्ती नाही, तिच्यावर टाकलेला शब्द कितीही शुद्ध असला तरी ती शिवीच होय. घराचे सोवळे आजवर आपण स्वयंपाकघरात आणि वस्त्रांत जपले. ते जिभेवर आणावयाचे असेल तर त्याची कसोटी ही आहे.